दे-इकडे सिस्टर

तिला निवांत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. जेवायला बसायची, पण तेही खुर्चीच्या कडेवर, एक पाय बाहेर काढून, जणू कुठे आग लागली तर पहिली बादली आपणच उचलायची आहे. वॉर्डातली मावशी म्हणायची, "सिस्टरच्या पायाला भिंगरी आहे ते समजलं, पण देवाने हातांनाही लावलीय." आणि खरी गोष्ट हातांचीच होती. दुसऱ्याच्या हातात काम दिसलं की तिचे हात शिवशिवायचे. समोरचा गाठ सोडवत असो, बाटलीचं झाकण फिरवत असो, नाहीतर उशीला अभ्रा चढवत असो, ती थोडा वेळ बघायची, मग जीभ टाळूला लावून 'च्च' करायची आणि म्हणायची, "दे इकडे."

त्यावरून नाव पडलं. तोंडावर सगळे सिस्टर म्हणत, पाठ फिरली की दे-इकडे. तिला ते माहीत नव्हतं असंही नाही. एकदा वॉर्डबॉय फोनवर कुणाला तरी सांगत होता, "थांब जरा, दे-इकडे येतायत." तिने मागून येऊन त्याच्या हातातला फोनच काढून घेतला आणि पलीकडच्या माणसाला म्हणाली, "तो कामात आहे. तुम्हीही कामाला लागा."

घरीही तीच तऱ्हा. नवरा घड्याळं दुरुस्त करायचा. दिवसभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढ्या चाकांशी खेळणारा शांत माणूस. "आमचा संसार टिकला याचं कारण एकच," तो लोकांना सांगायचा, "माझं दुकान हिच्या वाटेवर पडत नाही." मुलगा बराच मोठा होईपर्यंत त्याला बुटाची नाडी बांधता येत नव्हती. शाळेच्या मैदानावर नाडी सुटली की पठ्ठ्या पाय पुढे करून उभा, येईल कुणीतरी बांधायला म्हणून. आणि सासूबाईंनी तर एकदा हातच जोडले. "सूनबाई, माझ्या हातातली सुई घेतलीस, दोरा ओवलास, टाकाही घातलास. आता माझ्या वाटची म्हातारपणाची कुरकुरही तूच कर, म्हणजे मी सुटले."

पण वॉर्डात आलं की या हातांना कुणी हसत नसे. पुरुषांचा मोठा वॉर्ड, दोन्ही बाजूंना पलंग, आणि त्यावरचे निम्मे पेशंट असे की स्वतःहून कूस बदलता येत नाही. असा माणूस एकाच अंगावर पडून राहिला की पाठ आधी लाल होते, मग काळवंडते, मग फुटते. मूळ आजार बरा होतो आणि माणूस त्या पाठीने जातो. मोठे डॉक्टर येत, छातीचे फोटो उजेडाला धरून बघत, इंग्रजीत बोलत आणि निघून जात. पाठीकडे बघायची सिस्टर. वेळच्या वेळी कूस बदलायची, अंग पुसून कोरडं करायचं, चादरीची चुणी ओढून सपाट करायची, तोंड आतून साफ करायचं, नखं कापायची. "माझ्या वॉर्डात पाठ फुटत नाही," ती म्हणायची, आणि ते खरं होतं. तिच्या आयुष्यात मिरवण्यासारखं तेवढंच एक होतं, पण ते सोन्याच्या मोलाचं होतं.

हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती नवी होती तेव्हा तिच्या मोठ्या सिस्टरने वॉर्डाच्या दारात उभं राहून हाताने एक गोल काढला होता आणि "हे सगळं तुझं, सांभाळ," म्हणून ती चहाला गेली होती. एवढंच शिक्षण. त्या वॉर्डात पाठी फुटत होत्या. त्या वासाने तिचं जेवण उडालं होतं. मग ती धावायला लागली, आणि धावता धावताच शिकली. आपल्या हाताखाली येणाऱ्या पोरींना असं वाऱ्यावर सोडायचं नाही, हे तिने तेव्हाच ठरवलं होतं. म्हणून कुणी अडलं की ती धावून जायची आणि काम हातातून घ्यायची. यात मायाच होती. पोरींना ती माया दिसायची नाही, त्याला सिस्टर काय करणार?

पोरी टिकेनात. एक आली, कोमेजली, गेली. दुसरी आली, ती एका दवाखान्याच्या काउंटरवर बसली. तिसरी कुठे गेली ते कुणाला कळलंही नाही. तेव्हा मेट्रनने तिला ऑफिसात बोलावलं. मेट्रन आणि ती एकाच बॅचच्या. चारचौघांत 'मॅडम' आणि 'सिस्टर', दार लागलं की अगं-तुगं.

"बस."

"उभी बरी आहे."

"बस गं, खुर्ची चावत नाही." मेट्रनने चष्मा काढून टेबलावर ठेवला. "तीन पोरी गेल्या तुझ्याकडून. जाताना मी तिघींना विचारलं, का जातेस? तिघींचं एकच. म्हणे, मॅडम, तिथे आम्हाला काही करायलाच मिळत नाही."

"करायला मिळत नाही? मरेस्तोवर काम आहे तिथे!"

"आहे ना. ते तू करतेस."

सिस्टरने टेबलावरच्या फायली सरळ करायला घेतल्या. मेट्रनने तिच्या हातावर हात ठेवून त्या थांबवल्या.

"ऐक. चौथी येतेय. नुकतीच पास झालेली, चांगली मुलगी आहे. ही गेली तर तुला आणखी माणूस देणार नाही. देऊच शकत नाही, माझ्याकडे आहेत कुठे? आणि माणसं नसली की अर्धा वॉर्ड बंद. तुझे निम्मे पलंग वरच्या मजल्यावर."

"वर?" सिस्टर ताडकन उठली. "वर पाठींची काय दशा आहे, माहीत आहे ना तुला?"

"माहीत आहे म्हणून तर सांगतेय. ती पोर काम करत असेल तेव्हा तुझे हात ॲप्रनच्या खिशात. दोन्ही. तोंड किती चालवायचं ते चालव."

"हात नसले तर मला बोलता येत नाही."

"मग गप्प राहा. तेही बरंच."

नवी आली. उंच, किरकोळ, कडक इस्त्रीचा गणवेश, केसांत पिनांचं जंगल. वॉर्डाने तिचं नाव विचारलं, ऐकलं आणि सोडून दिलं. सगळ्यांना ती नवीच. कॉलेजात पुतळ्यावर शिकून आलेली. पुतळा कण्हत नाही, ओला होत नाही, हात धरून ठेवत नाही. पण पोर घाबरट नव्हती. हळू होती. पेशंटला हात लावायच्या आधी तळवे एकमेकांवर घासून गरम करायची. मग सांगायची, "आता मी तुमचा दंड धरते." मग दंड धरायची. "आता बाही काढते." मग बाही. एका माणसाचं अंग पुसून होईतो सिस्टरने तीन माणसांना चकाचक केलं असतं, वर मावशीशी भांडणही उरकलं असतं.

सिस्टर खिशात हात घालून पलंगाच्या पायथ्याशी उभी राहायची. नुसती उभी कसली, या पायावरून त्या पायावर. खिशात सापडेल त्या कापसाची तिने वात वळली, गोळी केली, परत वात वळली. ॲप्रनच्या खिशांची शिवण उसवली.

"गालाच्या आतून फिरव. आतून गं. तिथेच अन्न साठतं."

"हो सिस्टर."

"दुसऱ्या बाजूनेही. जिथे त्याला कळत नाही त्या बाजूला जास्त साठतं."

"तिकडेच चाललेय, सिस्टर."

"चालत जातेस की बैलगाडीने?"

मावशी फडकं पिळता पिळता म्हणायची, "सिस्टर, तुमचे हात माझ्याकडे ठेवायला द्या. संध्याकाळी परत देईन."

तरी दिवस जात होते. नवी चुकत होती, सावरत होती. सिस्टरचा जीव टांगणीला लागला होता, पण हात खिशात होते. आणि मग ड्रायव्हर आजोबा आले.

आजोबा जन्मभर ट्रक चालवलेला गडी. पलंग त्यांना आखूड पडायचा. अर्धं अंग लुळं पडलेलं, आणि वाचेतले चार-दोन शब्द तेवढे शिल्लक. चांगल्या हाताने ते पलंगाचा कठडा असा धरून ठेवत की जणू घाटातलं स्टिअरिंग. पहिल्या दिवशी नवी रजेवर होती. सिस्टरनेच त्यांना हलवलं, पुसलं, आणि त्यांच्या डोळ्यांनी तिला मानलं. नवी आली तेव्हा त्यांनी तिच्याकडे वरून खाली पाहिलं, शिकाऊ पोराने गाडीची किल्ली मागावी तसं. पण हात लावू दिला. दोन-तीन दिवस दिला.

त्या दिवशी वॉर्डात गर्दी उसळली होती. नव्या भरत्या आल्या होत्या, एकाची सलाईन सुटली होती, एक नातेवाईक दारात डॉक्टरांच्या नावाने ओरडत होता. नवी आजोबांची कूस बदलत होती. लुळा हात नीट छातीवर ठेवला, गुडघा वाकवला, सांगितलं, "आजोबा, आता माझ्याकडे वळवते." आजोबांनी कठडा घट्ट धरला. ती थांबली. "सोडा ना. मी आहे." आजोबा सोडेनात. ती परत थांबली. पुढच्या पलंगावरचा माणूस कण्हत होता, त्याची वेळ होऊन गेली होती. त्याच्या पाठीचा विचार सिस्टरच्या डोक्यात घण घालायला लागला. खिशातल्या मुठी वळल्या. जीभ टाळूला लागली.

"दे इकडे."

एक हात खांद्यामागे, एक कमरेवर, आणि एका झटक्यात आजोबा कुशीवर. पाठीमागे उशी, गुडघ्यांमध्ये उशी, चादर सपाट. आजोबांनी हुश्श केलं. सिस्टर पुढच्या पलंगाला भिडलीसुद्धा.

दुपारी नवी टॉवेल घेऊन आजोबांजवळ गेली, तर त्यांनी चांगला हात आडवा धरला. "नाय," म्हणाले. मग मान कष्टाने उचलून वॉर्डभर नजर फिरवली आणि सिस्टर दिसताच म्हणाले, "थोरली."

"आजोबा, मीच करते ना रोज."

"नाय. थोरली. थोरली."

आवाज मोठा होता. समोरच्या रांगेतले दोघं हसले. पलीकडच्या पलंगावरच्या म्हाताऱ्याने, ज्याचं तोंड नवी रोज साफ करायची, त्यानेही सांगून टाकलं, "आमचंही मोठ्या सिस्टरच करू देत." नवी टॉवेल घेऊन मधल्या वाटेत उभी राहिली. मग टॉवेलाची घडी घालून तिने तो ट्रॉलीवर ठेवला. ड्यूटी संपेपर्यंत ती औषधं वाटत होती.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही.

"चौथी," मेट्रन फोनवर म्हणाली. एवढंच म्हणून तिने फोन ठेवला, आणि सिस्टरला तेच लागलं. शिव्या दिल्या असत्या तर भांडता आलं असतं.

ड्यूटी संपल्यावर ती घरी न जाता नवीच्या खोलीवर गेली. रंगाच्या दुकानावरची एक खोली, जिना अरुंद, कठडा हलता. चढताना सिस्टरने तो दोनदा हलवून पाहिला, खिळा कुठून सुटलाय ते शोधलं आणि खालच्या दुकानदाराला वरूनच ओरडून सांगितलं, "अहो, इथे कुणाचा तरी जीव जाईल!" वाटेत तिने भाषण घोकलं होतं. चांगलं होतं. त्यात माया होती, थोडा दम होता, शेवटी वॉर्डाची गोष्ट होती.

दार उघडंच होतं. नवी जमिनीवर बसून बॅगेत कपडे कोंबत होती.

"बरं नाही का?"

"बरी आहे."

"मग आली का नाहीस?"

"आईला फोन केलाय. उद्या सकाळी लॉकरची किल्ली देते आणि घरी जाते."

"घरी जाऊन काय करणार?"

"बघेन. औषधाच्या दुकानात बसेन. गोळ्यांची कूस बदलावी लागत नाही."

सिस्टरने भाषणाला तोंड उघडलं. तेवढ्यात नवीने एक जाड स्वेटर तसाच, बाह्या लोंबत्या ठेवून, बॅगेत दाबला.

"अगं, असा कोंबतात का? बोळा होईल त्याचा. दे इकडे."

तिने स्वेटर काढला, झटकला, घडी घातली. मग खालचे कपडेही बाहेर काढले, कारण वर ही घडी आणि खाली तो उकिरडा हे बरं दिसत नव्हतं. बोलणं चालूच होतं. "हे बघ, तू गेलीस तर माझा अर्धा वॉर्ड जाईल. माझं सोड, त्या माणसांचं काय? पुस्तकं खाली घाल, वजन खाली हवं. वरच्या मजल्यावर कुणी पाठ बघत नाही गं. बूट आण. बुटात मोजे भर, जागा वाचते. मला कुणी शिकवलं नाही, मी रडत रडत शिकले, तसं तुझं होऊ नये म्हणून तर मी मधे पडते. कंगवा कुठेय तुझा?" नवी भिंतीला टेकून बघत राहिली. सिस्टरने कोपरे भरले, मध्ये टॉवेल घातला, दोन्ही बाजू दाबून चेन लावली आणि बॅग उभी करून तिच्या पोटावर एक थाप मारली.

"सिस्टर," नवी म्हणाली, "तुम्ही मला थांबवायला आला होता ना?"

"मग काय, जेवायला?"

"बॅग भरून दिलीत."

सिस्टरने बॅगेकडे पाहिलं. इतकी नीट भरलेली बॅग त्या खोलीत याआधी नक्कीच नव्हती. नवीला हसू फुटलं, आणि हसता हसताच तिचे डोळे भरले. ओढणीच्या टोकाने ते पुसत ती म्हणाली, "मला येत नाही असं नाहीये. मला वेळ लागतो. तुम्ही म्हणता आलं पाहिजे, आणि येतंय तोवर हातातून घेता. तुम्हाला वाटतं, काम झालं. पेशंटला काय दिसतं? हिला येत नाही. मग तो मला हात लावू देत नाही. आता रोज टॉवेल घेऊन मी मधल्या वाटेत उभी राहू का?"

सिस्टर जमिनीवर बसली. चक्क बसली, मांडी घालून.

"मग मी काय करू?" तिने विचारलं.

"मला काय माहीत?" नवी म्हणाली. "मी नवीच आहे."

घरी आल्यावर सिस्टरने स्वयंपाकघरातले सगळे डबे खाली काढले आणि दुसऱ्या फळीवर लावले. मग ते पुन्हा पहिल्या फळीवर. घड्याळजी नवरा दारात येऊन उभा राहिला.

"काय बिघडलंय?"

"एक पोर चाललीय सोडून."

"मग? तू काय केलंस?"

"बॅग भरून दिली."

तो इतका हसला की त्याला खोकल्याची उबळ आली, आणि पाणी द्यायला तिलाच धावावं लागलं. पाणी पिऊन तो म्हणाला, "चहाचा डबा तेवढा होता तिथे ठेव." रात्रभर तिने अंथरुणात इतक्या कुशी बदलल्या की वॉर्डातल्या कुठल्याही पेशंटच्या झाल्या नसतील.

सकाळी ती नेहमीपेक्षा लवकर वॉर्डात होती. आजोबांच्या शेजारचा पेशंट घरी गेला होता, मावशीने नुकतीच स्वच्छ चादर घातली होती. आजोबांना हलवायची वेळ झाली होती. त्यांनी सिस्टरला पाहून कठडा सोडला आणि म्हणाले, "थोरली." तेवढ्यात दारात नवी दिसली, आणि आजोबांनी कठडा परत धरला. घरचे कपडे, हातात बॅग, दुसऱ्या हातात किल्ली.

"सिस्टर, किल्ली कुणाकडे देऊ?"

सिस्टरचा हात किल्लीसाठी पुढे झाला. अर्ध्या वाटेत थांबला. तिने आजोबांकडे पाहिलं, नवीकडे पाहिलं, शेजारच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं. मग चपला काढल्या आणि पलंगावर चढून उताणी झोपली.

"अगं बाई!" मावशीच्या हातातलं फडकं पडलं. "सिस्टर आडव्या! डॉक्टरांना बोलवा कुणीतरी, शेवटचं दिसतंय."

"मावशी, तोंड मिट. ए पोरी, ती बॅग ठेव आणि इकडे ये. माझी कूस बदल. आजोबांना बघू दे. त्यानंतर जायचं तर जा."

नवीने बॅग खाली ठेवली. जवळ आली. सवयीने तळवे एकमेकांवर घासले. "माझी बस आहे, सिस्टर."

"लवकर कर मग."

"लवकर होणार नाही."

"बरं. तुझ्या पद्धतीने कर."

वॉर्डातले सगळे उशांवरून माना काढून बघत होते. नवीने सिस्टरचा हात छातीवर ठेवला. गुडघा वाकवला. "आता खांदा धरते." धरला. सिस्टर म्हणाली, "कोपर बघ, खाली अडकतंय." "बघितलंय. आता माझ्याकडे वळवते." आणि अंग कलायला लागलं. पलंगाची कड कुठे आहे हे सिस्टरला दिसेना. वर छत होतं, ते सरकत होतं, खाली काहीच नव्हतं. जन्मभर तिने माणसं वळवली होती, पण तिला कुणी वळवलं नव्हतं. तिचा हात आपोआप सुटला आणि त्याने कठडा गच्च धरला.

"ब्रेक," शेजारून आवाज आला.

आजोबा होते. अर्ध्या तोंडाने हसत होते. वॉर्ड खदखदला. मावशीने पदर तोंडाला लावला.

"हात सोडा, सिस्टर."

"अगं पडतेय मी!"

"नाही पडत. माझा गुडघा पलंगाला टेकलाय, तुमच्या पोटाशीच आहे. सोडा."

"तू वळव, मग सोडते."

"तुम्ही सोडलंत की वळवते. मी थांबते."

आणि ती खरंच थांबली. एक हात खांद्यावर, एक कमरेवर, ओढ नाही, ढकल नाही. सिस्टरच्या पायांची बोटं हलत होती, जबडा हलत होता, कपाळावर घाम आला होता. उठून बसावं आणि 'हे असं नसतं' म्हणून दाखवावं, असं तिच्या हाडाहाडात उसळत होतं. कुणी हसत नव्हतं आता. नवीचे तळवे गरम होते. ते जरासुद्धा घाईत नव्हते. सिस्टरने एक बोट सोडलं. मग दुसरं. मग पंजा उघडला, आणि कठडा सुटला, आणि अंग त्या हातांवर जाऊन अलगद कुशीवर टेकलं. नवी फिरून पलीकडे गेली, पाठीमागे उशी आली. गुडघ्यांमध्ये उशी आली.

"दुखतंय कुठे?"

"नाही," सिस्टर म्हणाली.

समोर, हाताच्या अंतरावर, आजोबांचा चेहरा होता. दोघंही आडवी, दोघंही एकमेकांच्या तोंडाकडे बघत.

"आजोबा," सिस्टर म्हणाली, "येतं हिला. माझ्यापेक्षा वेळ लागतो, पण गाडी खड्ड्यात घालत नाही."

आजोबांनी नवीकडे पाहिलं. घरच्या कपड्यांत, बाह्या वर सरकवलेल्या, केसांतली एक पीन सुटून लोंबतेय. त्यांनी बराच वेळ घेतला. मग चांगला हात कठड्यावरून उचलला आणि तिच्या बाजूला पालथा ठेवून दिला.

नवीने बॅगेकडे पाहिलं नाही. लॉकर उघडून ॲप्रन चढवला, हात धुतले, ट्रॉली ओढत आजोबांच्या पलंगाशी आणली आणि भोवतीने पडदा ओढून घेतला. आतून कडी लागावी तसा तो पडदा सिस्टरच्या तोंडासमोर मिटला.

सिस्टर उठली. चपला घातल्या. पडद्याबाहेर उभी राहिली. आतून नवीचा आवाज येत होता. "आता दंड धरते. आता बाही." आजोबा घशातून काहीतरी म्हणाले. मग खळ्ळकन आवाज झाला, भांडं आपटलं, आणि पडद्याखालून पाण्याचा ओघळ बाहेर आला. सिस्टरने पडद्याची कड धरली. मावशी श्वास रोखून बघत होती.

"मी येऊ का?" सिस्टरने बाहेरून विचारलं.

पडद्याखालून रिकामं भांडं बाहेर सरकलं.

"नको," नवी म्हणाली. "आजोबा ठीक आहेत, पाणी सांडलं फक्त. गरम पाणी तेवढं आणून द्या. आणि पुढच्यांची चादर काढून ठेवा. यांचं झालं की मी तिकडेच येते."

सिस्टरने भांडं घेतलं आणि कोपऱ्यातल्या मोरीवर गेली. गरम पाण्याच्या नळाला धार बारीक होती. तिने चावी आणखी फिरवून पाहिली, ती फिरेना. भांड्याचा नुसता तळ झाकला होता. तेवढ्यात वॉर्डातून कुणीतरी हाक मारली, "सिस्टर! अहो सिस्टर!" ती गर्रकन वळली, भांडं नळाखाली तसंच सोडून दोन पावलं टाकलीही.

"आले हं," पडद्याच्या आतून नवी म्हणाली. "काय होतंय? कुठे दुखतंय, सांगा."

तो माणूस सांगायला लागला. सिस्टर तिथेच थांबून ऐकत राहिली, आणि मग परत नळाकडे गेली.